हँडलवरचा वाटाड्या

मोटारसायकलसाठी जीपीएस घ्यायचा विचार आहे, असं सोलापुरात चारचौघांत बोलू नये. "काय करतोस बे घेऊन? अक्कलकोटला जायला रस्ता एकच हाय. सरळ जा, स्वामींचं देऊळ येतंय." हा पहिला सल्ला. दुसरा : "मोबाइल हाय की खिशात!" बायकोचा मुद्दा मात्र थेट वर्मी लागला. "हरवायला आधी कुठंतरी जावं लागतं."

मोबाइल आहे, खरंय. पण हे सांगणारे चारचाकीत एसी लावून बसणारे. आयफोनची कंपनी स्वतःच म्हणते की फोन ० ते ३५ अंशांत वापरा. ३५ अंशांना आम्ही 'आज जरा गार आहे' म्हणतो. माझा फोन आयफोन नाही, पण ऊन काही ब्रँड बघून तापवत नाही. मे महिन्यात भर दुपारी तुळजापूरला निघालो होतो. तामलवाडीच्या अलीकडं स्क्रीन आधी मंद झाली, मग फोन गरम झाल्याची सूचना आली आणि नकाशा गुल. रसवंतीवर थांबून फोन ओल्या रुमालात गुंडाळला. रसवाल्यानं माझी धडपड निरखली आणि म्हणाला, "अण्णा, बर्फाच्या पेटीत टाकू का?" माणूस मनानं चांगला. फोन मी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

त्यात हादऱ्यांची भानगड वेगळीच. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलनंच २०२१ मध्ये जाहीर केलंय. म्हणजे रस्ता सापडणार, पण पोचल्यावर फोटो हललेला.

मग खास दुचाकीसाठी बनवलेल्या यंत्रांकडं वळलो. गार्मिनचं झूमो एक्सटी बघितलं. साडेपाच इंचांची स्क्रीन, उन्हात दिसणारी, हातमोजे न काढता चालणारी. नकाशे यंत्राच्याच पोटात, त्यामुळं मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही. वीस हजार किलोमीटरवरचे किमान चार उपग्रह दिसले की आपण कुठं आहोत ते कळतं. (घरात एवढं लक्ष कुणाचं नसतं.) शिवाय एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं म्हणे. आमच्या नळाला पाणी येतं काही दिवसांआड. ही परीक्षा घ्यायला एवढं पाणी साठवलं, तर घरचे आंघोळीला कुठं जाणार?

किंमत वाचली आणि पान मिटलं. तेवढ्यात जुनी का होईना, आख्खी गाडी येते.

स्वस्तात म्हणून हँडलवरचं छोटं गोल यंत्रही बघितलं. ते फोनशी जोडायचं आणि त्यावर फक्त बाण दिसतो, नकाशाचा पसारा नाही. मोकळ्या हायवेला मला ते आवडलं असतं. पण सात रस्ता चौकात उभं राहून एका बाणावर भरवसा ठेवायला फार मोठी श्रद्धा लागते.

एवढ्यात एका मित्रानं नवं यंत्र घेतलं आणि त्याचं जुनं मला वापरून बघायला दिलं. तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होती. नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघालेल्या, रस्ता माणसांनी फुललेला, आणि हेल्मेटातल्या स्पीकरमधली बाई शांतपणे सांगतेय, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." बाई, उजवीकडं सिद्धेश्वराची मिरवणूक आहे! मी गाडी बंद करून हात जोडले. ती तेच वळण पुन्हा सांगत राहिली. शेवटी एका पोलिसानं नुसती शिट्टी मारून जो रस्ता दाखवला, तो तिच्या नकाशात गल्ली म्हणूनही नव्हता.

तरीही यंत्र मी घेतलं. मित्रानं भाव पाडून दिला, आणि मे महिन्यात त्याची स्क्रीन काळी पडत नाही एवढं मला पुरे होतं.

राहिलं बसवायचं काम. मेकॅनिकनं वायर थेट बॅटरीवर द्यायला घेतली. मी म्हटलं, "किल्लीवर घ्या. नाहीतर रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी बसेल." ते त्याला पटलं. मग हँडलकडं बराच वेळ बघत बसला. एका बाजूला मोबाइलचं जुनं होल्डर, मधे लिंबू-मिरची, दुसऱ्या बाजूला भाजीची पिशवी अडकवायचा हूक. त्यानं पाना उचलला.

"मालक, एक आरसा काढू का? तसंही सोलापुरात मागं कोण बघतंय?"