निनावी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : उंदीर, खेकडे आणि तुमचा 'कचरा'

नमस्कार निनावी,

राक्षसी खेकड्यांच्या इंग्रजी भयकादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलं की हा सगळा कचरा आहे, सायन्सच्या नावाने बोंब आहे, बायकांची पात्रं नुसती मरायला असतात, आणि "या पुस्तकांना माणसाशी काही देणंघेणं नाही, नुसतं रक्त." वर आणखी, "नागपुरात वाचनाचा दर्जा असाच राहणार." मत वेगळं असू शकते भाऊ, पण ही काय बोलायची पद्धत झाली? नाव न लिहिता येता आणि अख्ख्या गावाला नावं ठेवून जाता.

सायन्सचं मान्य. प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट केला की वजन आठपट होतं आणि पायांची ताकद चौपटच वाढते, त्यामुळे बैलाएवढा खेकडा किनाऱ्यावर स्वतःच्याच वजनाने बसेल. घ्या, तुमचं बरोबर.

पण माणसाशी देणंघेणं नाही? इंग्रज लेखक जेम्स हर्बर्टचं खुनी उंदरांवरचं 'द रॅट्स' वाचलंय का तुम्ही, १९७४ चं? सुरुवातीलाच उंदीर ज्याला खातात तो एका पडक्या घरात पडलेला दारुडा आहे, ज्याच्याकडे तुम्ही-मी रस्त्यावर बघणारही नाही. पण उंदीर यायच्या आधी लेखक थांबतो आणि त्याची सगळी कहाणी सांगतो, की हा चांगला सेल्समन होता, एका पुरुषावर जीव लावला, ऑफिसात बोभाटा झाला आणि मग नोकरी गेली, दारू लागली. तो मरतो तेव्हा आपल्याला त्याचं नाव माहीत असतं. पुढे बहुतेक बळींचं लेखक असंच करतो, आधी माणूस उभा करतो आणि मगच दात. हर्बर्ट लंडनच्या ईस्ट एंडचा, बॉम्बने पडलेल्या घरांच्या वस्तीत वाढलेला. उंदीर मोठे होतात ते किरणोत्सर्गाने, पण हर्बर्टचा राग आहे तो ती वस्ती सडू देणाऱ्यांवर.

हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आम्ही नाग नदीकाठच्या वस्तीत राहायचो, धाकट्या भावाच्या पायाचा अंगठा उंदराने झोपेत कुरतडला होता, सकाळी चादरीला रक्त, आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून आई रात्रभर कंदील जळता ठेवायची. तुम्ही मला उंदरांच्या गोष्टीत माणूस नसतो म्हणून सांगून राहिले?

आणि दर्जाचं म्हणाल तर मी मराठी मीडियमचा. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या फूटपाथवरून कव्हर फाटलेली हीच पुस्तकं आणून, मांडीवर डिक्शनरी ठेवून इंग्रजी शिकलो, आज त्याच इंग्रजीवर घर चालते.

बायकांच्या पात्रांचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर द्यावं असं काही नाही त्यात.

'द रॅट्स'ची सुरुवातीची काही पानं वाचा, मग या, आणि येताना नाव लिहा. माझी ही लेखमालिका बंद होणार नाही. पुढच्या रविवारी शॉन हटसनच्या 'स्लग्ज' कादंबरीतल्या मांसखाऊ गोगलगाई, १९८२.