थिऑसॉफिकल लॉजच्या नव्या सभासदास काही सूचना

आपला सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाल्याबद्दल अभिनंदन. मादाम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट, विल्यम जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेली, १८८२ पासून चेन्नईतल्या अड्यारला स्थिरावलेली आणि भारतातला कारभार वाराणसीहून पाहणारी थिऑसॉफिकल सोसायटी ही संस्था आता नागपुरातल्या एका लॉजच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, रूपाने आपल्या आयुष्यात आली आहे. एवढ्या जुन्या परंपरेत शिरताना माणूस बुजतो, पण आपण बुजू नये. येथे टिकून राहण्यासाठी अध्यात्माची फारशी गरज पडत नाही. काही पथ्ये तेवढी पाळावी लागतात, आणि ती कुठे छापलेली नसल्यामुळे जुन्यांनी नव्यांना सांगायची असतात.

छापलेली असतात ती तीन उद्दिष्टे. वंश, पंथ, लिंग, जात किंवा वर्ण असा भेद न मानता मानवजातीच्या विश्वबंधुत्वाचे केंद्र निर्माण करणे, हे पहिले. धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या तुलनात्मक अभ्यासास उत्तेजन देणे, हे दुसरे. निसर्गाच्या अज्ञात नियमांचा आणि मानवातील सुप्त शक्तींचा शोध घेणे, हे तिसरे. यांपैकी दुसरे उद्दिष्ट ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली कुणाकडे आहे यावर मतभेद आहेत. तिसऱ्याविषयी सगळे आदराने गप्प राहतात, कारण सुप्त शक्ती अद्याप सुप्तच आहेत. रोजच्या वापरासाठी उरते ते पहिले, आणि तेच सर्वांत जपून हाताळायचे आहे.

त्याची युक्ती अशी की बंधुत्व नेहमी विश्वाच्या आकाराचे ठेवावे, त्याला कधीही खोलीच्या आकाराचे होऊ देऊ नये. मानवजात ही फार सोयीची गोष्ट आहे. ती वर्गणी थकवत नाही, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसत नाही, व्याख्यान चालू असताना खोकत नाही आणि मागच्या वर्षीच्या हिशेबातला फरक काढून दाखवत नाही. तिच्यावर प्रेम करायला काहीच पडत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या ब्रदरवर मात्र प्रेम करू पाहाल, तर त्यांच्या प्लॉटच्या भानगडीपासून त्यांच्या गुडघ्यांपर्यंत सगळे ऐकावे लागेल. तेव्हा त्यांच्याकडे पाहताना दृष्टी किंचित त्यांच्या पलीकडे, क्षितिजाच्या दिशेने ठेवावी. आमच्याकडच्या ज्येष्ठांना ही नजर उत्तम साधली आहे.

पहिल्याच दिवशी आपल्याला ‘ब्रदर’ म्हटले जाईल. नावामागे श्री किंवा राव न लावता सगळ्यांना ब्रदर आणि सिस्टर म्हणण्याची ही पद्धत फार जुनी आहे, आणि ती ऐकून आपल्याला भरून येणे स्वाभाविक आहे. मात्र त्यापाठोपाठ चहाच्या वेळी एक प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवा. “ब्रदर देशमुख म्हणजे कोणते देशमुख?” विदर्भात देशमुख अनेक जातींत सापडतात, म्हणून ही चौकशी निव्वळ तुलनात्मक अभ्यासाच्या, म्हणजे दुसऱ्या उद्दिष्टाच्या, पोटी केली जाते, तिचा पहिल्या उद्दिष्टाशी काही विरोध नाही. आपण गावाचे नाव सांगून वेळ मारून नेऊ पाहाल, तर पुढचा प्रश्न मामांच्या आडनावाचा येतो. उत्तर मिळाल्यावर विचारणारे “तसं आपण काही मानत नाही” असे म्हणून बिस्किटांची बशी पुढे करतील. बिस्किट घ्यावे.

साप्ताहिक अभ्यासवर्गाविषयी थोडक्यात. आरंभी संस्थेच्या एके काळच्या अध्यक्षा अॅनी बेझंट यांची विश्वप्रार्थना होते. ती इंग्रजीत म्हणावी की मराठीत, यावर एके काळी वाद झाला होता. आता अर्धे इंग्रजीत म्हणतात, अर्धे मराठीत, आणि शेवट साधारण एकत्र होतो. नंतर ब्लाव्हाट्स्कींच्या, १८८८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’चे वाचन. हा ग्रंथ कठीण आहे आणि त्याचे काठिण्य हीच आपली मोठी सुरक्षितता आहे, कारण मूळवंश, फेऱ्या आणि गोल यांच्या कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात शिरलेल्या माणसाला छताच्या गळतीबद्दल विचारण्याचे धैर्य कुणी करीत नाही. वर्गात काहीच समजले नाही तर मान हळूहळू हलवावी. थोडेसे समजले तर अजिबात हलवू नये, नाहीतर पुढच्या आठवड्याचे टिपण आपल्याकडे येईल.

कोणी अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर विचारस्वातंत्र्याचा आधार घ्यावा. संस्थेच्या सर्वोच्च परिषदेने १९२४ साली तसा ठरावच केलेला आहे की कोणतेही मत वा शिकवण सभासदावर बंधनकारक नाही, आणि ब्लाव्हाट्स्कींसकट कोणत्याही लेखकाला वा गुरूला आपली मते सभासदांवर लादण्याचा अधिकार नाही. हा ठराव खरोखरच दुर्मीळ उदारतेचा आहे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या किती संस्था आपल्याच संस्थापकांबद्दल असे लिहून देतील? आपण तो हिशेबतपासनिसाच्या शेऱ्यासाठी वापरावा.

आता मुख्य सणाकडे वळू. ८ मे १८९१ रोजी ब्लाव्हाट्स्कींचे लंडनमध्ये निधन झाले. दरवर्षी त्या दिवशी मित्रांनी एकत्र जमून भगवद्गीता आणि ‘लाइट ऑफ एशिया’ हे बुद्धावरचे इंग्रजी काव्य यांतले उतारे वाचावेत, एवढीच साधी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली होती, आणि ऑल्कॉट यांनी या दिवसाला श्वेतकमल दिन असे नाव दिले. लंडनचा मे महिना कसा असतो हे आपण चित्रांत पाहिले असेल. नागपूरचा मे आपल्याला ठाऊकच आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि सीताबर्डीच्या फूलबाजारात सकाळी दहानंतर पांढरे कमळ मागणाऱ्याकडे फूलवाला ज्या करुणेने पाहतो, तीत बुद्धाचा अंश असतो. कमळ न मिळाल्यास मोगऱ्याचा गजरा तसबिरीला घालावा आणि प्रास्ताविकात कमळ हे प्रतीक असल्याचे सांगावे.

त्या दिवशी सभागृहातली खरी व्यवस्था कूलरभोवती ठरलेली असते. समोरची पहिली खुर्ची अध्यक्षांची, दुसरी माजी अध्यक्षांची, तिसरी ज्यांना पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायचे आहे त्यांची, आणि त्यापुढे वारा ज्या क्रमाने पातळ होत जातो त्या क्रमाने ज्येष्ठता उतरत जाते. नव्या सभासदाने खिडकीपाशी बसावे. एका सिस्टरना संधिवातामुळे वारा चालत नाही आणि एका ब्रदरना रक्तदाबामुळे वाऱ्याशिवाय चालत नाही. दोघेही विश्वबंधुत्वावर उत्तम बोलतात, परंतु त्यांच्यापैकी कोणी कूलरच्या बटणापाशी गेले की वाचनाचा सूर बदलतो. अशा वेळी स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचायला घ्यावीत. ती दुसऱ्या अध्यायात आहेत, त्यामुळे पाने फार उलटावी लागत नाहीत. मी एकदा सुचवून पाहिले होते की कूलरचे तोंड फिरते करून घ्यावे. सूचनेचे स्वागत झाले आणि ती उपसमितीकडे गेली.

कूलरच्या टाकीत पाणी भरण्याचे काम एक मुलगा करतो. तोच खुर्च्या मांडतो, सतरंजी झटकतो, चहा आणतो आणि शेवटी दिवे बंद करतो. भिंतीवर पहिल्या उद्दिष्टाची जी चौकट आहे, तिची काचही तोच पुसतो. गीतावाचन सुरू असताना त्याची बादली दाराशी वाजली आणि तो ओशाळून म्हणाला, “सर, पाणी टाकून राहिलो, टाकी खाली झाली.” त्यावर सचिवांनी अत्यंत मृदू आवाजात, “थांब ना रे थोडा, बंधुत्वावर चालू आहे,” असे सांगितले. आपल्यालाही हा मृदूपणा जमला पाहिजे. चिडून बोलणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे. मृदू आवाजात बाहेर थांबवलेल्या माणसाला आपण बाहेर आहोत हे उशिरा कळते. कार्यक्रमानंतर त्याला प्रसादाची संत्रा बर्फी अवश्य द्यावी, मात्र आधी सभासदांना पुरते का ते पाहावे.

तरुण येत नाहीत, ही खंत प्रत्येक वार्षिक सभेत व्यक्त करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती व्यक्त करताना मोबाइलला दोष द्यावा. हा मुलगा तरुण आहे, हे कोणाच्या लक्षात आणून देऊ नये.

डिसेंबरच्या अखेरीस अड्यारचे अधिवेशन असते. जायचे असल्यास जीटी एक्स्प्रेसचे आरक्षण वेळेवर करावे आणि संत्र्यांची एक पेटी बरोबर ठेवावी, कारण परदेशी प्रतिनिधींशी बंधुत्व जोडायला आंबिया बहाराच्या संत्र्याइतके सोपे साधन नाही. तिथले वातावरण खरोखर सुंदर आहे, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. नदी समुद्राला मिळते तो किनारा, १९८९च्या वादळात मुख्य खोड कोसळूनही पारंब्यांवर उभा असलेला वड, आणि आरंभी एकामागून एक वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना ऐकताना माणूस क्षणभर स्वतःचे आडनाव विसरतो. हा परिणाम बल्लारशाह ओलांडेपर्यंत टिकतो. परत आल्यावर लॉजमध्ये अनुभवकथन करावे लागते. त्यात ब्राझीलच्या एका बंधूंनी आपल्याला कशी मिठी मारली हे सविस्तर सांगावे आणि त्यांचे छायाचित्र समूहावर टाकावे. त्या समूहात लक्ष्मीनगरचे एक ब्रदर चार महिन्यांपासून काहीच का लिहीत नाहीत, हा प्रश्न त्या उत्साहात कुणाला पडत नाही.

पडलाच, तर पुढील धोरण ठेवा. आजारी सभासदाला भेटायला जाणे हे स्थूल पातळीवरचे काम आहे. त्याला फळे न्यावी लागतात, जिने चढावे लागतात, आणि घरचे लोक औषधांच्या बिलांविषयी बोलू लागले तर कुठे पाहावे हे समजत नाही. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी डोळे मिटून सर्वांनी त्यांच्याकडे शुभ विचारांच्या लहरी पाठवाव्यात. लहरींना रविनगरच्या चौकातला सिग्नल लागत नाही. त्यांच्या पत्नीने नंतर कधी विचारले की तुमच्यापैकी कुणी आले कसे नाही, तर आम्ही सगळे रोज येत होतो असे शांतपणे सांगावे. आणि ब्रदर गेलेच, तर मृत्यू म्हणजे केवळ एका लोकातून दुसऱ्या लोकात जाणे होय, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घ्यावा. पुढचा विषय बहुधा त्यांच्याकडच्या ग्रंथालयाच्या किल्लीचा असतो.

शाकाहाराबद्दल नवे लोक घाबरून विचारतात. साध्या सभासदत्वाला तशी अट नाही. ती अट आतल्या वर्तुळाला, १८८८ साली स्थापन झालेल्या एसोटेरिक स्कूलला आहे. त्यामुळे रविवारी सावजीकडे जाऊन आलेल्याने सभेत निर्धास्त बसावे, फक्त रुमालाचा वास पाहून घ्यावा. आतल्या वर्तुळात आपण नसलो तरी आहोत असे वाटू देणे कठीण नसते. कोणी त्याविषयी काढले की मंद हसून विषय बदलावा, एवढे पुरते.

आणि शेवटी फुटण्याविषयी, कारण तो प्रसंग आज ना उद्या येईलच. लाज वाटून घेऊ नये. आपल्या चळवळीत फुटीला मोठी परंपरा आहे. १८९५ मध्ये जज यांच्यामागे अमेरिकेतली बहुसंख्य मंडळी वेगळी झाली. १९१२-१३ मध्ये रुडॉल्फ स्टायनर जर्मनीतल्या अनुयायांसह बाहेर पडले. ज्या कृष्णमूर्तींना १९०९ साली अड्यारच्या किनाऱ्यावर जगद्गुरू होण्यासाठी हेरले होते, त्यांनी १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेन येथे हजारो अनुयायांसमोर आपल्यासाठी उभारलेला संघच विसर्जित करून टाकला आणि सत्यापर्यंत कोणतीही संघटना नेऊ शकत नाही असे सांगितले. त्यांचे हे म्हणणे आम्हाला पूर्ण पटले असून त्याच्या अंमलबजावणीसाठी समिती नेमलेली आहे. या थोरांचे मतभेद महात्म्यांच्या, म्हणजे पडद्याआडच्या गुरूंच्या, पत्रांवरून आणि जगद्गुरूच्या आगमनावरून झाले. आपले कूलरवरून होतील. त्याने प्रमाण बदलते, पद्धत बदलत नाही.

पद्धत सोपी आहे. नव्या लॉजच्या सनदेसाठी किमान सात सभासद लागतात. संधिवाताच्या सिस्टर आपल्याबरोबर येतील, कारण रक्तदाबाचे ब्रदर तिकडे राहणार. आपण, आपली पत्नी, मेहुणे, बँकेतले दोन जुने सहकारी, असे सहा सहज होतात आणि सातव्यापाशी घोडे अडते. अशा वेळी पाणी भरणाऱ्या मुलाचे वय अठरा पूर्ण असल्याची खात्री करून घ्यावी. वंश, पंथ, लिंग, जात, वर्ण असा कोणताही भेद संस्था मानत नाही, हे त्याला आपणच प्रथम आणि फार प्रेमाने समजावून सांगावे. अर्जात पूर्ण नाव लिहायचे असते, तेव्हा ते या निमित्ताने विचारून घ्यावे. त्याची वर्गणी आपण भरा, पावती आपल्याजवळच ठेवा, आणि उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या किती वाजता मांडायच्या आहेत, हेही त्याला त्याच वेळी सांगून टाका.