रिसीव्हरच तर हवा होता

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आमच्या घरातला कीबोर्ड आणि माउस दोन्ही एकाच तासात मारले, आणि तेही हात न लावता. म्हणजे हात लावूनच, पण पाडले नाहीत, चहा सांडला नाही, काही नाही. नुसतं क्लिक केलं.

त्याचं झालं असं, की मला रेडिओचा किडा चावलाय. पेन ड्राइव्हएवढा एक डोंगल मिळतो, मूळचा टीव्ही बघायचा, आत आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ च्या सुमारास काही उचापती लोकांच्या लक्षात आलं की ही चिप टीव्हीचं काम बाजूला ठेवून कच्चा सिग्नल तसाच कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि मग बाकीचा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० च्या वरपर्यंत काहीही ऐका. एफएम ऐका, १०९० वर मुंबईला उतरणाऱ्या विमानांचे सिग्नल पकडा. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बसून माणसाला अजून काय पाहिजे!

तर डोंगल आला, लावला, विंडोजने प्रेमाने त्याला टीव्हीचा ड्रायव्हर दिला, म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. इथेच गोम आहे. एका यूएसबी वस्तूला एका वेळी एकच ड्रायव्हर मिळतो, आणि टीव्हीचा ड्रायव्हर बसला की रेडिओवाल्या सॉफ्टवेअरला डोंगल दिसतच नाही. मग तो ड्रायव्हर उठवून तिथे विनयूएसबी नावाचा साधासुधा ड्रायव्हर बसवायचा, जो स्वतः काही करत नाही, नुसता दार उघडून उभा राहतो. हे काम करायला झाडिग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ज्या पीट बॅटर्डने पेन ड्राइव्हवर विंडोज टाकायचा रूफस लिहिला त्याचंच. सॉफ्टवेअर एकदम गुणी आहे, पुढे जे झालं त्यात त्याची काडीची चूक नाही हे आधीच सांगून टाकतो. फक्त नावात झाड आहे, तेव्हा चढायच्या आधी उतरायचं कसं ते बघून ठेवायला पाहिजे होतं.

झाडिग उघडलं. यादी रिकामी. मग 'लिस्ट ऑल डिव्हाइसेस'वर टिक करायची असते, ती केली, तर घरातलं सगळं गणगोत एका खाली ओढायच्या यादीत हजर. वेबकॅम, प्रिंटर, आणि काही अशी नावं की वाचून काहीच बोध होऊ नये. त्यात एक होतं 'बल्क-इन, इंटरफेस (इंटरफेस झिरो)'. मी म्हटलं बल्क म्हणजे घाऊक, आपल्याला किरकोळीत एकच रेडिओ लावायचाय, हे आपलं नाही. त्याच्या खाली होतं 'यूएसबी रिसीव्हर (इंटरफेस झिरो)'.

आता तुम्हीच सांगा. मी घेतलाय काय? रेडिओ रिसीव्हर. लावलाय कुठे? यूएसबीत. मग 'यूएसबी रिसीव्हर' म्हणजे दुसरं काय असणार?

तर दुसरं असं असतं, की आमचा कीबोर्ड-माउस वायरलेस आहे, दोघांचा मिळून नखाएवढा एक ठिपका सीपीयूच्या मागे खोचलेला असतो, आणि त्या ठिपक्याचं पाळण्यातलं नाव यूएसबी रिसीव्हर. त्यात इंटरफेस झिरो म्हणजे कीबोर्ड आणि इंटरफेस वन म्हणजे माउस. हे मला आज तोंडपाठ आहे.

'रिप्लेस ड्रायव्हर' दाबलं. झाडिगने विचारलं, बाबा रे, तू सिस्टिम ड्रायव्हर बदलतोयस, नक्की ना? मी आयुष्यात अशा खिडक्यांना 'यस' सोडून दुसरं उत्तर दिलेलं नाही. यस. थोडा वेळ काहीतरी फिरलं आणि यशस्वी झाल्याचा निरोप आला. मी खूश. कीबोर्ड गेलाय हे कळायचं काही कारणच नव्हतं, कारण मी फक्त माउसने काम करत होतो. रेडिओचं सॉफ्टवेअर उघडलं, ते म्हणतं डिव्हाइस नाही. परत झाडिगमध्ये आलो, बघतो तर त्याच रिसीव्हरचा 'इंटरफेस वन' अजून जुन्याच ड्रायव्हरवर बसलेला. म्हटलं हां, हे राहिलं होतं, अर्धवट कामं करायची सवयच आहे मला (हे वाक्य माझं नाही, घरात ऐकून ऐकून पाठ झालंय). रिप्लेस ड्रायव्हर. नक्की ना? यस.

आणि पडद्यावर मधोमध खिडकी आली की ड्रायव्हर यशस्वीपणे बसवला आहे, खाली 'क्लोज'चं बटण. मी माउस हलवला. बाण हलेना. एंटर दाबलं. काही नाही. एस्केप, स्पेस, सगळं दाबून झालं. मी यशस्वी झालो होतो आणि ते यश मला बंद करता येत नव्हतं.

बॅटरी बदलली. ठिपका काढून दुसऱ्या पोर्टात लावला, मग तिसऱ्या, मग पुढच्या. मग शेवटी सगळे करतात तेच, बटण दाबून धरलं आणि सीपीयू बंद करून चालू केला. चालू होताना सवयीने डिलीट दाबलं तर चक्क बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधीचा सेटिंगचा पडदा, उघडलं! बाणांची बटणं चालतायत, मी वर-खाली, वर-खाली करून बघतोय, डोळ्यात पाणी यायचं बाकी. म्हटलं वाचला. बाहेर आलो, विंडोज सुरू झाली आणि कीबोर्ड परत मुका. म्हणजे जिवंत होता, बायॉसशी नीट बोलत होता, फक्त विंडोजशी बोलणं टाकलं होतं. आमच्या घरात हा प्रकार माणसांमध्ये पाहिलेला आहे, यंत्रांमध्ये पहिल्यांदा पाहिला.

तेवढ्यात ही आतून आली. "झालं का तुझं? मला हिशोब पाठवायचाय."

आता इथे सांगायला पाहिजे की आमची ही सोसायटीची खजिनदार आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, सभा दोन दिवसांवर, हिशोबाची एक्सेल ह्याच कॉम्प्युटरवर, आणि सेक्रेटरी सकाळपासून तीनदा फोन करून गेलेले.

"दहा मिनिटं दे," मी म्हटलं.

"काय केलंयस?"

"काही नाही, ड्रायव्हर बदलतोय."

"कुणाचा?"

नवऱ्याच्या 'काही नाही'चं पृथक्करण करण्यात बायकांचा हात कुणी धरू शकत नाही. मी उत्तर न देता समोरच्या काकांकडे गेलो. "काका, तुमचा माउस-कीबोर्ड अर्धा तास मिळेल का?" काका भला माणूस, लगेच काढून दिला. आणि तो बघून मला भरून आलं, कारण सेम आमचाच, एकाच सेलमध्ये दोघांनी मिळून मागवलेला. म्हटलं एकदम जोडीला जोडी, शंभर टक्के चालणार.

लावला. मेला.

मग काका स्वतःच बघायला आले. "सकाळी तर चालत होता," म्हणाले. त्यांनी ठिपका फुंकला, शर्टाला पुसला, परत लावला. मी मान खाली घालून उभा. शेवटी ते घेऊन घरी गेले आणि पाच मिनिटांनी त्यांच्या दारातून ओरडून सांगितलं की इथे चालतोय, तुझ्याकडेच काहीतरी लोचा आहे. जिन्यातून येणाऱ्या दोघांनी ते ऐकलं. एकजण न विचारता म्हणाला, "फॉर्मॅट मार." आपल्याकडे कॉम्प्युटरला शिंक आली तरी फॉर्मॅट हाच काढा.

काकांचाही का मेला ते मला नंतर कळलं, आणि खरं सांगतो, कळल्यावर मला विंडोजबद्दल आदरच वाटला. ते असं असतं, की प्रत्येक यूएसबी वस्तू लावल्याबरोबर आपला नंबर सांगते, कंपनीचा एक आणि मॉडेलचा एक. माझा डोंगल सांगतो ०बीडीए आणि २८३८, हा नंबर झाडिगमध्ये खाली लिहिलेला होता, मी तो बघायला पाहिजे होता, असो. तर विंडोजकडे माउससाठी एक सर्वसाधारण ड्रायव्हर असतो, कुठल्याही माउसला चालणारा. पण त्या नेमक्या नंबरच्या नावाने वेगळा ड्रायव्हर नोंदवलेला असेल तर आधी तो. एसटीत कसं, सीट रिकामी दिसली म्हणून तुम्ही बसता, पण रिझर्वेशनवाला चिठ्ठी घेऊन आला की उठावंच लागतं. झाडिगने आमच्या मॉडेलच्या नावाने रिझर्वेशन करून ठेवलं होतं. मग पोर्ट बदला, सीपीयू बंद-चालू करा, काकांचा आणा नाहीतर कंपनीतून नवा कोरा त्याच मॉडेलचा आणा, विंडोज प्रत्येकाला तीच चिठ्ठी दाखवणार.

म्हणजे हवा होता वेगळ्या कंपनीचा माउस. माळ्यावरच्या पिशवीत एक निघाला, गोळीवाला, हिरव्या गोल पिनेचा. आमच्या सीपीयूला ते हिरवं भोकच नाही. मग खाली झेरॉक्सवाल्याकडे गेलो. २५० रुपयांचा वायरवाला माउस काढून देताना तो म्हणाला, परत घेणार नाही हां. त्याच्याकडे कीबोर्ड नव्हता.

माउस लावला आणि बाण हलला! पण लगेच विंडोजने पिन मागितला. आता कीबोर्ड कुठून आणू? तर खाली कोपऱ्यात माणसाचं छोटं चित्र असतं ना, त्यात पडद्यावरचा कीबोर्ड असतो, त्यावर माउसने एकेक आकडा टिपत आत शिरलो. ही मागे उभी राहून बघत होती. काही बोलत नव्हती, हे जास्त वाईट.

स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची घरवार यादी. 'कीबोर्ड्स'च्या घरात आमचा कीबोर्ड नाही. शोधत शोधत खाली गेलो तर 'युनिव्हर्सल सीरियल बस डिव्हाइसेस' नावाच्या परक्या घरात दोघंही, कीबोर्ड आणि माउस, शेजारी शेजारी बसलेले. प्रॉपर्टीज उघडली. 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे मागचा होता तो परत दे, हे बटण विंडोजने दिलंय, आणि गरजेच्या वेळी ते नेहमी करडं असतं. तसंच होतं. मग अनइन्स्टॉल केलं, ठिपका काढून परत लावला, आणि दोघं परत त्याच परक्या घरात जाऊन बसले. कारण मी माणसाला सीटवरून उठवलं होतं, चिठ्ठी तशीच ठेवली होती.

अनइन्स्टॉल विचारताना खाली एक बारका चौकोन असतो, ह्या डिव्हाइसचं ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकायचं का. सगळं रामायण त्या चौकोनात आहे. त्यात टिक करून इंटरफेस झिरो काढला, मग वन काढला, दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. वर 'ॲक्शन'मध्ये जाऊन 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबलं. पडदा एकदा फडफडला, आणि माझ्या मनगटाखाली दबलेल्या स्पेस बारने काहीतरी करून टाकलं, काय ते बघितलं नाही, पण केलं! कीबोर्ड घरी आला होता. माउसही. काकांना बोलावून त्यांचाही लावून दाखवला, तोही चालला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

हिशोब साडेनऊला गेला. एक बेरीज चुकली होती, ती मात्र माझ्यामुळे नाही.

रात्री सगळे झोपल्यावर, नाही, म्हणजे सगळे झोपायच्या बेतात असताना, मी परत झाडिग उघडलं. ह्या वेळी आधी डोंगल काढून यादी बघितली, मग लावून बघितली, आणि जे नाव नव्याने उगवलं तेच आपलं. ते होतं 'बल्क-इन'वालं, घाऊक म्हणून मी हाकललेलं. नंबर ताडून बघितला, दोनदा. विनयूएसबी बसवला. रेडिओचं सॉफ्टवेअर उघडलं, १००.७ लावलं, आणि पडद्यावर निळ्या पाण्यात पिवळ्या लाटा उठाव्यात तसं काहीतरी उठलं आणि एफएम गोल्ड लागलं, स्वच्छ. मी हिला हाक मारली, ती आली, तिने ऐकलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईच्या ट्रान्झिस्टरवर तेच गाणं ऐकू आलं. तेच, फक्त माझ्यापेक्षा अर्धा सेकंद पुढे, कारण माझा रेडिओ आधी सगळे आकडे मोजतो आणि मग गातो.

आई आतून म्हणाली, "अरे, तुझा मागे पडतोय."