नवी चूल म्हणे "एका दिवसात पक्की" होते!

उन्हाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. वर धगधगत्या चुलीचा फोटो, खाली "आजीच्या काळातलं गुपित", आणि मग टिपांची रांग. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: चुलीला वावरातली काळी माती घ्या, ती चिवट असते. चूल घातली की त्याच दिवशी चार तास भडका जाळ करा, भाजून विटेसारखी पक्की होईल. जाळ ओल्या लाकडाचा करा. चूल लालबुंद तापली की थंड पाणी शिंपडा, लोहार लोखंडाला पाणी पाजतो तसं. तडा गेलाच तर सिमेंट भरा. लोखंडी चूल असेल तर पहिल्यांदा दारं-खिडक्या लावून तापवा. आणि धुराला भिऊ नका, धुरानं घर निर्जंतुक होतं. शेवटी अर्थातच "दहा मायबहिणींना पाठवा, पुण्य लागेल".

पुण्याचं माहीत नाही, पण नवी चूल नक्की फुटेल.

आता कोणी म्हणेल की उज्ज्वला येऊन किती वर्षं झाली, २०१६ पासून घरोघरी सिलिंडर आहे, आता चुलीचं काय घेऊन बसल्या. बाप्पा, सिलिंडर आहे, पण आंघोळीचं पाणी, ढोरांचं खाणं, लग्नाकार्यातला सैपाक, वांग्याचं भरीत आणि महिन्याच्या शेवटी टाकी संपली की सगळंच, हे चुलीवरच होते आमच्याकडे. दर एप्रिल-मे मध्ये जुनी चूल मोडून पावसाळ्याच्या आधी नवी घालणाऱ्या बाया अजून गावोगावी आहेत, त्यांच्यातल्या एकीनं जरी हा मेसेज खरा मानला तरी तिची मेहनत मातीत जाते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

काळी माती. हा मेसेज लिहिणारा मे महिन्यात आमच्या वावरात आला नसावा. कपाशीच्या रानात उन्हाळ्यात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या काऊन पडतात? काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तेवढीच आकसते. तीच माती चुलीला लावली तर चुलीतही तेच होणार. म्हणून तर घराला, चुलीला, सारवायला गावठाणातली पांढरी माती आणतात, जुन्या पडक्या भिंतीची मिळाली तर आणखी चांगली, तिच्यातला खडे-कचरा आधीच निघालेला असतो. फक्त काळीच मिळत असेल तर तिच्यात रेती आणि गव्हाचा भुसा सढळ हातानं घाला, भंडारा-गोंदियाकडं धानाचं तणस बारीक तोडून घालतात, ते काड्यांचे धागे माती धरून ठेवतात.

आता मुख्य मुद्दा, चार तासांचा भडका. यावर जरा जास्त बोलते कारण नुकसान इथंच होते.

चूल घालताना आपण माती भिजवतो, तुडवतो, रात्रभर मुरू देतो. २० किलो चिखल घेतला तर त्यात चार-पाच लिटर पाणी सहज असतं. हे पाणी बाहेर निघायला पाहिजे आणि ते निघताना माती आकसणार, त्याला इलाज नाही. सगळीकडून सावकाश निघालं तर चूल सगळीकडून सारखी आकसते. भडका केला की आतली बाजू झटक्यात कोरडी होऊन आकसते, बाहेरची अजून ओलीच आणि फुगलेली, मग दोघींच्या ओढाताणीत मधात तडा. एवढंच नाही, १ लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० ते १७०० पट जागा मागते. माती ओली आणि दाट असेल तर वाफेला निघायला वाट कुठं? मग ती आतून ढकलते, फट्टकन आवाज येतो आणि आतल्या बाजूची पापडी सुटून जाळात पडते. तो आवाज ऐकून "नजर लागली" म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. नजर कशाची, घाई नडली.

आणि "विटेसारखी पक्की" हे त निव्वळ थापच आहे. वीटभट्टीची धग हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि ती दिवसच्या दिवस चालते, वीट चारही बाजूंनी तापते. चुलीचा जाळ गरम असतो हे खरं, पण चुलीची भिंत फक्त आतून तापते, बाहेरून तिला हवा लागत असते. मातीचा पुन्हा चिखल होऊ नये अशी ती बदलायला साधारण ५०० ते ६०० डिग्री तिच्या अंगात उतरायला पाहिजे, तेवढी धग भिंतीच्या पार जातच नाही. पटत नसेल तर जुनी चूल मोडताना तिचा तुकडा हातात घेऊन बघा. जाळाकडचा बोटभर थर विटकरी लाल, त्याच्या मागं काळपट पट्टा, आणि बाहेरची बाजू जशी लावली तशीच कच्ची माती, तिच्यातला भुसासुद्धा ओळखू येतो. बादलीत टाकला की बाहेरची बाजू विरघळून जाते, लाल थर तेवढा राहतो. तो लाल थर महिनोन् महिने सैपाक होऊन आलेला असतो, चार तासांत नाही. आणि खरं सांगायचं त चुलीला वीट व्हायची गरजही नाही, ती कोरडी असली आणि वेळच्या वेळी पोतेरं फिरलं की बास.

मग करायचं काय? आमच्याकडं ऊन ४५ डिग्रीला टेकते, त्यामुळं उलटी काळजी घ्यावी लागते, ओली चूल उन्हात ठेवली की लू लागून वरची कातडी तासाभरात कडक आणि आत चिखल. पहिले दोन-तीन दिवस सावलीत, वरून बारदाना झाकून. मग बारदाना काढा पण सावली सोडू नका. ८-१० दिवस तरी जाऊ द्या, जाड चूल असेल तर पंधरवडा. रंग गडदचा फिका होतो तो सगळीकडं एकसारखा झाला का ते बघा, बुडाशी आणि दोन चुलींच्या मधल्या सांध्याशी ओल सगळ्यात शेवटी राहते. हाताची मागची बाजू लावून पाहा, गार लागली तर अजून पाणी उडतेय. चुलीच्या तोंडावर रात्री स्टीलची ताटली पालथी घालून ठेवा, सकाळी आतून घाम दिसला तर थांबा.

त्यानंतर पहिला जाळ. मूठभर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) किंवा गोवरीचा एक तुकडा, पंधरा-वीस मिनिटं, एवढाच. मग विझवायचा नाही, आपोआप निवू द्यायचा. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी थोडा, चार-पाच दिवसांत एखादं पातेलं पाणी तापेल एवढा. जुन्या बाया नव्या चुलीला हळद-कुंकू लावून पहिल्या दिवशी फक्त वाटीभर दूध उतू घालायच्या आणि उठायच्या, ते मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण तेवढ्याला मोठा जाळ लागतच नाही. म्हणजे मेसेजमधली "आजी" कोणाची होती कोण जाणे, आमच्या गावची त नव्हती.

ओलं लाकूड हळू जळतं, म्हणून नव्या चुलीला बरं, असंही त्यात आहे. हळू जळतं हे खरं. पण नुकत्याच तोडलेल्या फांदीच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. जाळाची ताकद ते पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड राहतो आणि थंड जाळात धूर पुरता जळत नाही, तसाच बाहेर येतो. आपण चुलीतलं पाणी काढायला बसलो आणि वरून पुन्हा वाफ सोडतोय! धुराडं असेल तर त्यात डांबरासारखा चिकट थर बसतो, तो जाड झाला की एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. हळू जाळ हवा असेल तर लाकूड कोरडंच घ्या पण कमी घ्या. पऱ्हाटी यासाठी एक नंबर, शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेली मे पर्यंत कडकडीत होते, चटकन पेटते, चटकन बसते. (कृषीवाले म्हणतात पऱ्हाटीचे ढीग बांधावर साठवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दबा धरून राहते. बरोबरच म्हणतात. लागेल तेवढीच घरी आणा.) तुराट्याही चालतात. बाभळीचा ओंडका मात्र नंतर, चूल सवयीची झाल्यावर.

तापलेल्या चुलीवर थंड पाणी, हे वाचून त मी कपाळावर हात मारला. लोहार विळ्याला पाणी पाजतो कारण तापलेलं पोलाद एकदम थंड केलं की त्याची आतली घडण बदलून ते कठीण होते. मातीत तसलं काहीच होत नाही. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चुलीतही नाही, बीड आधीच ठिसूळ असते, त्यावर गार पाणी पडलं तर कंदिलाच्या तापल्या काचेचं जे होते तेच. वर आणखी एक गोष्ट: निखाऱ्यावर पाणी पडलं की वाफ आणि गरम राख एकदम तोंडावर येते. फुंकणी धरून वाकलेल्या बाईचे डोळे तिथंच असतात.

सिमेंट. साधं बांधकामाचं सिमेंट पाणी धरून घट्ट झालेलं असते, सतत तापवलं की ते धरलेलं पाणी सुटते आणि सिमेंट भुसभुशीत होते. शिवाय माती आणि सिमेंट तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळं सिमेंटचा ठिगळ आठवड्याभरात सुटून पडतो आणि जाताना कडेची मातीही घेऊन जातो. भट्टीचं सिमेंट वेगळं मिळते, ते लोखंडी चुलीच्या सांध्यांना ठीक, मातीच्या चुलीला मातीच.

लोखंडी चुलीवर दोन शब्द, कारण आता बाजारात पत्र्याच्या, बिडाच्या, धुराड्याच्या तयार चुलीही दिसतात. त्यांनाही पहिले दोन-तीन जाळ लहानच द्यायचे, कारण त्यांच्यावरचा काळा रंग पहिल्या तापण्यात पक्का होतो, आधी जरा मऊ पडतो आणि उग्र वास, धूर सोडतो. आणि मेसेज म्हणते दारं-खिडक्या लावा! उलट पहिला जाळ अंगणातच करा, धुराडं जोडून घरात करायचा असेल तर सगळं सताड उघडं, लेकरं आणि म्हातारी माणसं बाहेर. बंद घरात जाळ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो, थंडीत घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपणाऱ्यांच्या बातम्या याच्याच असतात. चूल जस्ताच्या चकचकीत पत्र्याची असेल तर घेऊच नका, जस्त फार तापलं की त्याचा धूर अंगात कणकण आणतो. आणि जुन्या ड्रमची कापून केलेली चूल घेत असाल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. फवारणीच्या औषधाचा किंवा केमिकलचा असेल तर फुकट मिळाला तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्या विषाचा डबा चुलीत तापवून पाहायची गरज नाही.

राहिला धूर. यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करते. चुलीवरच्या आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं धुरानं टिकतात, कौलाखालच्या लाकडाला कीड कमी लागते. पण जो धूर किड्याला सोसत नाही तो चुलीपुढं रोज तासन् तास बसणाऱ्या बाईच्या छातीला बरा कसा असेल? त्यातले बारीक कण केसापेक्षा कितीतरी पट लहान असतात आणि थेट फुफ्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या अशा धुरामुळं २०२० साली जगभरात ३२ लाख लोक मेले, त्यात पाच वर्षांच्या आतली लेकरंही होती. ऐंशीच्या दशकात सरकारनं निर्धूर चुली आणल्या त्या उगीच नाही. जिथं त्यांचे पाइप साफ करायचं राहिलं तिथं धूर परत घरात आला, तेव्हा नवी चूल घालतच असाल तर पाइपची जागा आत्ताच सोडा आणि तो महिन्यातून एकदा झाडता येईल असा लावा.

आता ज्यांनी मेसेज वाचून आधीच भडका केला आहे त्यांच्यासाठी. चूल पूर्ण निवू द्या. रात्री आत मोबाइलचा टॉर्च ठेवून बाहेरून बघा. उजेड दिसला नाही, नुसत्या केसभर भेगा असतील, तर काही बिघडलं नाही, भेग पाण्याच्या हातानं ओली करून त्याच मातीचा शेण घातलेला पातळ काला बोटानं आत दाबा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मग लहान जाळापासून पुन्हा सुरू. उजेड आरपार दिसला तर तेवढा भाग मोडून काढा, माती वाया जात नाही, बाहेरची कच्ची असते, भिजवून पुन्हा वापरता येते, फक्त लाल झालेले तुकडे वेगळे काढून कुटून घ्या आणि रेतीसारखे मिसळा. भांडं टेकतं ते तीन उंचवटे हातानं हलवून पाहा. एक जरी डुलत असला तर तो नव्यानं घालेस्तोवर चुलीवर काहीच चढवू नका, उकळत्या वरणाचं पातेलं कलंडायला तेवढं पुरते.