"चाकू लावला की पसरतो" वाल्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायलाय. रक्तवाहिनीचा कॅन्सर रक्तातच भिनलेला असतो, सुई नाहीतर चाकू लागला की अंगभर पसरतो, ऑपरेशन केलेला कुणी जगत नाही, तवा घरीच काढा प्या.

पहिलं, हा ब्लड कॅन्सर नव्हे. ल्युकेमिया हाडाच्या मगजात सुरू होतो, अँजिओसार्कोमा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात. गाठ असते आणि लवकर सापडली तर काढता येते. पोटातल्या मोठ्या शिरेच्या भिंतीला लियोमायोसार्कोमा (भिंतीतल्या स्नायूचा कॅन्सर) होतो, तो तर सर्जन शिरेच्या तुकड्यासकट काढतात आणि कृत्रिम नळी जोडतात, किडनीच्या खालचा भाग असला नि रक्तानं बाजूच्या शिरांतनं वाट काढली असली तर शीर नुसती बांधून टाकली तरी चालतं.

आता चाकूचं. बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढायच्या सुईच्या वाटेनं पेशी सांडणं दुर्मीळ, तरीबी ती वाट नंतर ऑपरेशनात काढता येईल अशीच सुई घालतात. खरा घोळ होतो तो बायोप्सी न करता "चरबीची गाठ हाय" म्हणून घाईत काढली की, कडेला पेशी राहतात, गाठ परत येते आणि बदनाम होतो चाकू. डोक्याच्या कातडीवरचा अँजिओसार्कोमा तर लईच फसवा, म्हाताऱ्या माणसाला निळसर-जांभळा डाग येतो, मार लागल्यासारखा, घरचे म्हणतात टोपी घासली असंल, खोबरेल लावत बसतात आणि तवर तो कातडीखालनं डोळ्याला दिसतो त्याच्या लई पुढं गेलेला असतो. म्हणून तिथं ऑपरेशनला रेडिएशनची जोड लागते, बऱ्याचदा पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाची पण.

कुणी जगत नाही? अँजिओसार्कोमा वाईटच, पाच वर्षं काढणारे साधारण तिघांत एक, पसरल्यावर सापडला तर त्याहून कमी. त्या मोठ्या शिरेची गाठ पूर्ण निघाली तरी निम्म्याहून जास्त जणांत परत येते, तवा सीटी स्कॅन वर्षानुवर्षं चालूच. पण रक्तवाहिनीच्याच कॅन्सरचा एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा नावाचा प्रकार बऱ्याच जणांत इतका सावकाश वाढतो की डॉक्टर कधीकधी नुसतं लक्ष ठेवतात, आणि लिव्हरभर गाठी असल्या तर लिव्हर बदलून पण माणसं वर्षानुवर्षं जगल्यात. सगळ्यांना एकाच मापानं मोजून मेसेज टाकणाऱ्याला काय म्हणायचं?

काढ्यानं गाठ विरघळली असं म्हणणाऱ्यानं आधीचा बायोप्सी रिपोर्ट नि नंतरचा सीटी टाकावा, मग बोलू.

आणि कोल्हापूर नाहीतर मुंबईला टाटाला जाणार असाल तर इथल्या लॅबमधनं नुसता कागद नको, स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, तिकडं तेच परत तपासतात.