पोरांचा नकाशा चव्हाट्यावर मांडा, पदक आपोआप येईल

तुमचं मूल धावतं? सायकल चालवतं? अभिनंदन. आता बुटांच्या दुकानात जायची घाई करू नका. तळ झिजून मोजे दिसायला लागले तरी अजून महिना-दोन महिने निघतात. आधी जीपीएसवालं घड्याळ घ्या, हप्त्यावर मिळतं. घड्याळ नसेल तर पोरगी पळाली हे कळणार कुणाला? तिच्या पायांना कळतं, पण पायांना फॉलोअर नसतात.

घड्याळ आलं की धावण्याच्या अकादमीचे सर सांगतील त्या अ‍ॅपवर खातं उघडा. तिथं जन्मतारीख विचारतात. तेराच्या आतल्यांना बहुतेक अ‍ॅप घेतच नाहीत आणि अठरा पूर्ण नसतील तर काही अ‍ॅप बऱ्याच गोष्टी आपणहून झाकून ठेवतात. त्या भानगडीत कशाला पडता? सरळ २००० साल टाका. आपल्याकडे ही कला जुनीच आहे, फक्त दिशा उलटी करायची. मैदानावर सोळाचं पोर चौदाखालच्या गटात घुसवायचं आणि मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासायची वेळ आली की त्याला नेमका ताप आणायचा. मोबाईलवर त्याच पोराला पंचविशीत नेऊन बसवायचं. खऱ्या वयाचं ते फक्त घरी केक कापताना असतं.

प्रोफाइलला शाळेच्या गणवेशातला फोटो लावा. बॅज नीट दिसू दे.

नाव आडनावासकट लिहा, पुढे इयत्ता आणि तुकडी.

आता नकाशा. घड्याळ जिन्यातच सुरू करा. रस्त्यावर जाऊन सुरू केलं तर पन्नास-साठ मीटर वाया जातात आणि आठवड्याच्या बेरजेत मागे पडायला होतं. जिन्यात सुरू केलं की सुरुवातीचा ठिपका बरोबर आपल्या इमारतीवर पडतो. मग आपल्या साताऱ्याचा राजवाडा, समर्थ मंदिर आणि तिथून यवतेश्वरचा घाट. रोज हीच वाट, पहाटे पाच चाळीसला. नियमितपणा हा खेळाडूचा दागिना आहे, आणि दागिना लोकांना दिसायलाच घालतात.

घराभोवतीचा भाग झाकायची सोय काही अ‍ॅपमध्ये असते. ती वापरणारे पालक भित्रे. तरी वापरलीच तर दहावीच्या भूमितीवर भरवसा ठेवा. तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जातं, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. तुमच्या मुलीच्या वाटा नकाशावर जिथं जिथं अचानक तुटतात ते झाले बिंदू. त्यांतून वर्तुळ काढा, मध्य काढा, बेल वाजवा. माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्येच झाकलेली घरं अशी हुडकून दाखवली होती. त्यानंतर काही कंपन्यांनी सुधारणा केल्या. पण सुधारणा झाल्या तरी ती सेटिंग उघडून बघायला हवी ना, आणि आपण तर नोटिफिकेशनचा आवाज सोडला तर कुठलीच सेटिंग बघत नाही.

त्याच वर्षीची दुसरी गंमत. असंच व्यायामाची नोंद ठेवणारं खातं देणाऱ्या स्ट्राव्हा कंपनीनं २०१७च्या नोव्हेंबरात जगभरच्या धावण्या-सायकलिंगचा एक झगमगता नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या विशीतल्या एका विद्यार्थ्यानं दाखवून दिलं की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधारात जे छोटे उजळ आकार दिसतायत ते लष्करी तळ आहेत. जवान कुंपणाच्या आतून जॉगिंग करत होते आणि कुंपण आपोआप रेखाटलं जात होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या 'ल माँद' या वृत्तपत्रानं अंगरक्षकांच्या धावण्याच्या नोंदींवरून राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ कुठे कुठे उतरतात ते शोधलं. जुलै २०२५ मध्ये स्वीडनच्या पंतप्रधानांच्या अंगरक्षकांनी तोच पराक्रम केला. म्हणजे ज्यांना लपायचा आणि लपवायचा पगार मिळतो त्यांना हे जमलं नाही. आमच्या अकादमीतल्या आठवी-नववीच्या पोरांना मात्र सहज जमेल, असा सरांचा विश्वास आहे. (अकादमीचं अ‍ॅप वेगळं आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण मुद्दा अ‍ॅपचा नाही.)

मुद्दा परवाचा आहे. राजवाड्यापाशी मी आणि मुलगी भाजी घेत होतो. एक गृहस्थ थांबले. साठीच्या आसपासचे, कुठल्याशा मॅरेथॉनचा टीशर्ट घातलेले. माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "काय गं, मंगळवारी घाटात दुसऱ्या वळणावर चार मिनिटं थांबलीस ती? पायात गोळा आला का? आणि हल्ली संध्याकाळी पण जातेस वाटतं. एकटीच?"

मी त्यांना ओळखत नाही. मुलगीही ओळखत नाही. ते मात्र तिला ओळखतात. ती कधी निघते, कुठून वळते, कुठे धाप लागते, परत कुठल्या फाटकातून आत शिरते, मंगळवारी काय झालं, सगळं. चौदा वर्षांची पोर आहे. ती 'हो काका' म्हणाली, कारण मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपणच शिकवलंय. मेथीची जुडी तशीच हातात धरून उभी राहिली. घरी येईपर्यंत अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला आणि तिनं तो बंद केला.

काका सज्जन असतील. असू देत. मला काकांच्या चारित्र्याचा दाखला नकोय. एखादा परका माणूस रोज सकाळी चहा पिताना माझ्या मुलीच्या पायाखालची वाट मोबाईलवर चाळतो, तिला लाईक देतो आणि यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नाही, हे मला नकोय. हाच माणूस वही-पेन घेऊन घाटाच्या वळणावर बसला असता तर आपण काय केलं असतं? पोलिसांत गेलो असतो. अ‍ॅपवर बसला म्हणून तो प्रोत्साहन देणारा झाला.

मी ग्रुपवर लिहिलं. सरांचं उत्तर आलं, "मॅडम, ते आपले सिनियर मेंबर आहेत. पोरांना मोटिव्हेट करतात." पाठोपाठ दुसरं, "बाकी पॅरेंट्सना काही इश्यू नाही." मग कुणीतरी हात जोडले, कुणीतरी गुलाबाच्या फुलावर सुविचार टाकला, एकानं टीशर्टच्या साईझ विचारल्या आणि माझा मेसेज वर वर जात दिसेनासा झाला. तुम्हालाही असे ग्रुप असतीलच, जास्त सांगत नाही.

पुढचा सल्ला. दर रविवारी कुणाचे किती किलोमीटर झाले त्याची क्रमवारी ग्रुपवर लावा. शेवटच्या तिघांची नावं लाल अक्षरांत. यानं फार फरक पडतो. ज्या दिवशी हळू पळायचं असतं त्या दिवशीही पोरं जीव तोडून पळतात, नडगी दुखत असताना पळतात, ताप उतरला नाही तोवर पळतात. काही जण डोकं चालवतात. आमच्यातल्या एका चिरंजीवांनी घड्याळ दादाच्या स्कूटरवर चढवलं आणि यवतेश्वरचा घाट एका किलोमीटरला एक मिनिट पन्नास सेकंद या वेगानं सर केला. केनियाच्या डेव्हिड रुडिशानं २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा विश्वविक्रम केला, १ मिनिट ४०.९१ सेकंद. तेही सपाट ट्रॅकवर, आणि तरी आमच्या पोरापेक्षा किलोमीटरमागे सोळा सेकंद हळू. चिरंजीवांना ढिगानं लाईक पडले. "कीप इट अप बेटा" असं खुद्द सरांनी लिहिलं. सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि कुणी काही बघत नव्हतं.

झोप, नाडी, वजन हे सगळं एका शीटमध्ये भरा. शीटची लिंक ग्रुपवर टाका. ज्याच्याकडे लिंक, त्याला शीट उघडते. म्हणजे पालक, त्यांचे मेहुणे, बुटांवर सूट देणारा दुकानदार, प्रोटीन पावडर विकणारा आणि स्पर्धेचे टीशर्ट छापणारा. वजन वाढलं की रकाना आपोआप लाल होतो, ही करामत शाळेतल्या संगणकाच्या मास्तरांनी करून दिलीय. चौदाव्या वर्षी वजन वाढतं. त्याला वाढ म्हणतात. पण शीटला ते कुणी सांगितलेलं नाही.

त्याच शीटमध्ये मुलींसाठी एक जास्तीचा रकाना आहे. पाळीची तारीख.

इथं मला खेळीमेळीनं लिहायला जमत नाहीये. ही माहिती फालतू नाही. सराव भरपूर आणि खाणं कमी झालं की मुलींची पाळी लांबते, थांबते, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणून ती नोंद हवी. आईकडे हवी, डॉक्टरांकडे हवी, मुलीचा विश्वास असेल अशा बाई प्रशिक्षकांकडे हवी. टीशर्ट छापणाऱ्याकडे कशाला? आणि ती शीट मी उघडून पाहिली. सगळ्या मुलींच्या पुढे दर महिन्याला एकच शब्द आहे, 'नॉर्मल'. एकीनंही तारीख लिहिलेली नाही. लिहील कोण? चार बापे वाचणार म्हटल्यावर कोण खरं लिहील? जिला खरंच त्रास होत असेल तीही 'नॉर्मल' लिहितेय, आणि सर समजतायत की आपल्याकडे डेटा आहे.

डेटा नाही, सर. तुमच्याकडे खोट्या नोंदींची रांग आहे. सरावाची नोंद खेळाडू स्वतःसाठी आणि प्रशिक्षकासाठी ठेवतो. पूर्वीची पोरं वहीत लिहायची, आज पोट दुखत होतं, आज भीती वाटली, आज अर्ध्यातून परत आले. त्यावरून उद्या किती पळवायचं ते ठरायचं. आता शंभर लोकांसमोर तीच पोरं 'मॉर्निंग रन, फीलिंग स्ट्राँग' लिहितात. यावरून तुम्ही कुठला सराव ठरवताय?

आणि कायदा कुणी वाचलाय का? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं याला कायद्यात मनाई आहे, सवलती मोजक्या. मुलांबाबतच्या या तरतुदी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलीय. एका अकादमीला कुणी २०० कोटींचा दंड ठोकणार नाही, ठाऊक आहे. पण प्रवेशाच्या फॉर्मखाली 'सर्व अटी मान्य' छापून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे, एवढं तरी समजून घ्या. पोरांची जबाबदारी घेता, फी घेता, गणवेशाचे वेगळे पैसे घेता, मग एक सेटिंग बदलायला काय होतं?

आणि पालकहो, तुम्हीही ऐका. 'आमचं काय लपवायचंय' असं म्हणणाऱ्या बापानं आधी स्वतःचा पगार आणि साखरेचा रिपोर्ट त्या शीटमध्ये भरावा. लपवायचं तुमचं नाहीच, ते तुमच्या मुलीचं आहे आणि तिला तुम्ही विचारलेलं नाही. आज रात्री तिच्या शेजारी बसा, तिच्यासमोर अ‍ॅप उघडा. जन्मसाल खरं करा. खातं फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवा. जुने सगळे नकाशे झाका, नुसते उद्यापासूनचे नाही. घड्याळ दोन गल्ल्या सोडून सुरू करा, दोन गल्ल्या आधी बंद करा. फॉलोअरची यादी तिच्याबरोबर वाचा आणि ज्याला ती ओळखत नाही त्याला काढा, मग तो कुणाचाही काका असो.

सर, त्या शीटची लिंक आज बंद करा. तो रकाना उडवा. रविवारची क्रमवारी थांबवा. आणि तुमच्या त्या सिनियर मेंबरना पोरांच्या ग्रुपमधून काढा. त्यांना पळायला कुणी अडवलेलं नाही, घाट मोठा आहे. पोरी कुठल्या वळणावर किती मिनिटं थांबल्या याचा हिशेब ठेवायला त्यांना कुणी नेमलेलं नाही.