टोरी पाइन्स कोणाच्या पैशावर चालतो?

‘एक करदाता’ यांस,

सॅन डिएगोतल्या टोरी पाइन्स या सार्वजनिक गोल्फ कोर्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “करदात्यांच्या पैशावर श्रीमंतांची चैन, आणि अमेरिकेत येऊन साहेब झालेल्यांनी तिचे गोडवे गायचे.” मतभेद असू द्या, पण ‘साहेब’ कशाला? माझे वडील नगरपालिकेच्या बागेत माळी होते. सार्वजनिक हिरवळ कोण राखतं आणि त्याचा पगार कुठून येतो, हे मी घरात बघत वाढलो. हे मला तुम्ही शिकवू नये.

आता पैशाचं. टोरी पाइन्स, बाल्बोआ पार्क आणि मिशन बे हे सॅन डिएगो शहराच्या मालकीचे कोर्स वेगळ्या एंटरप्राइज फंडातून चालतात. खेळणाऱ्यांची फी त्यात जमा होते. माळ्यांचे पगार, यंत्रं, दुरुस्ती, सगळं त्यातूनच भागवायचं. कराचा पैसा त्यात जात नाही. उलट हाच फंड जमीन वापरल्याबद्दल शहराला पैसे भरतो. शहराच्या बजेटमध्ये हे छापलेलं असतं, कोणालाही वाचता येतं. एवढं जोरात लिहिण्याआधी ते उघडून बघायला काय हरकत होती?

आणि ‘श्रीमंत’ कोण? पहाटे एकदा तिथल्या पार्किंगमध्ये जाऊन या. बुकिंग न मिळालेली माणसं रात्र गाडीत काढून नंबर लावतात. टोरी पाइन्सच्या ज्या साउथ कोर्सवर २००८ आणि २०२१ मध्ये यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली, तिथेच इथला रहिवासी सवलतीच्या दरात खेळतो. खाजगी क्लबात त्याला फाटकाच्या आत तरी घेतील का? बाहेरगावच्या माणसाला फी फार पडते, हे मात्र तुमचं बरोबर आहे.

‘ग्रीनला भोकं पडलीत, हीच का देखभाल?’ असंही तुम्ही विचारलंत. ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. होय, हीच देखभाल. पायाखाली दाबली गेलेली माती मोकळी व्हावी म्हणून यंत्राने मुद्दाम भोकं पाडतात आणि त्यांत वाळू भरतात. तसं केलं नाही तर पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. गवत भरून येईपर्यंत चेंडू उड्या मारतो, खेळणारे कुरकुरतात, तरीही ते करावंच लागतं. माझ्या वडिलांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नसतं.

पाण्याचं म्हणाल तर कोर्सचा बराचसा भाग शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगतो. तिथे घरं बांधावीत, ही तुमची सूचना वाचली. तिच्यावर मी बोलणार नाही.